प्रश्नाचा रकाना

१

लोकांची रडगाणी चौकोनात बसवायची, हे राजकन्याचं काम. असं ती स्वतःच सांगायची आणि सांगताना हसायची.

नांदेडला श्रीनगरच्या रस्त्यावर चष्म्याच्या दुकानाच्या वर तिचं ऑफिस होतं. दोन खोल्या, एक कूलर, पाच-सहा कॉम्प्युटर आणि मालक शिवशंकर सर. इंटरनेटवर लोक जिथं जमून बोलतात, भांडतात, सल्ले मागतात, तिथलं बोलणं प्रोग्राम लावून उचलायचं आणि त्याचे रकाने पाडायचे. कोण बोललं, कधी बोललं, कशाबद्दल, कोणाला उत्तर म्हणून, आणि रागानं की खुशीनं. मग ते कोणीतरी विकत घ्यायचं. शेतकरी बियाण्याला शिव्या देतात, ते बियाणं विकणाऱ्याला हवं असतं. बायका मिक्सरबद्दल कुरकुरतात, ते मिक्सरवाल्याला हवं असतं. ज्याच्याजवळ कुरकुर करायची, तो ऐकत नाही. तिसऱ्याकडून विकत मात्र घेतो. राजकन्याला याची आता सवय झाली होती.

या वेळचं गिऱ्हाईक लातूरचा एक मोठा क्लास होता. डॉक्टर करून देणारा. ज्यांची प्रवेश परीक्षा एकदा हुकली आणि जी पुन्हा वर्षभर लातूरला राहून तयारी करतात, ती पोरं एका चर्चामंचावर खोट्या नावानं लिहीत. त्याचं नाव ‘रिपीटर कट्टा’. तिथं पोरं नेमकं काय बोलतात, हे क्लासला पाहिजे होतं. प्रोग्राम सगळ्या पोस्टी उचलून आणायचा, पण पोरं मराठी लिहिणार इंग्रजी अक्षरात, त्यातही बिलोलीचं बोलणं एक, निलंग्याचं दुसरं. ‘लई भारी’ हे कौतुक की टोमणा, ते कुठल्या मशीनला कळणार? म्हणून राजकन्या एकेक ओळ वाचून तपासायची.

तिची धाकटी बहीण पुनम त्याच क्लासला होती, क्लासच्याच होस्टेलवर. दुसरं वर्ष. राजकन्यानं हे सरांना सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही नाही, असं तिला वाटलं.

एका सकाळी ‘कोणाला उत्तर’ हा रकाना तिला बऱ्याच ठिकाणी रिकामा दिसला. तिनं पुढची वाक्यं वाचली.

‘न्हाई. दोन घासच खाल्ले.’

‘हाव, आज लवकर उठले.’

‘डाव्या कुशीवर.’

वेगवेगळी पोरं, वेगवेगळे दिवस. सगळी उत्तरं देत होती. प्रश्न मात्र कोणीच विचारला नव्हता.

२

प्रोग्राम चुकला असेल, हा पहिला विचार. तिनं कट्टा उघडून स्वतः पाहिलं. ‘डाव्या कुशीवर’ ही पोस्ट होती. तिच्या वर कोणीतरी रसायनशास्त्राच्या पुस्तकाबद्दल लिहिलेलं, खाली कोणीतरी मेसच्या वरणाबद्दल. मध्येच हे.

मग विचारणाऱ्यानं प्रश्न लिहून पुसला असेल. पण त्या कट्ट्यावर कोणी काही पुसलं, तर त्या जागी ‘ही पोस्ट काढली आहे’ अशी फिकट ओळ उरते. ती कुठंच नव्हती. पोस्टींचे नंबरही सलग होते, मध्ये एकही गेलेला नाही.

मग पोरं आपसात काही खेळ खेळत असतील. पोरंच ती. हे तिला पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं.

तिनं सरांना दाखवलं. शिवशंकर सर चहाचा कप हातात घेऊन तिच्या मागं उभे राहिले.

“रिकामं कामून ठेवलंस?”

“प्रश्नच न्हाई सर. नुसती उत्तरं हायेत.”

“उत्तर हाय म्हणजे प्रश्न असणारच न. संदर्भावरून भर. एक रकाना वाढव, ‘प्रश्न’ म्हणून. क्लासवाल्याला रिकामं चालत न्हाई.”

“कोण विचारून राहिलं, ते?”

“ते आपल्याला कशाला पाहिजे?” सर म्हणाले आणि कप ठेवायला गेले.

तिनं रकाना वाढवला. ‘दोन घासच खाल्ले’ याच्यासमोर लिहिलं, ‘जेवलीस का?’ ‘लवकर उठले’च्या समोर, ‘झोप झाली का?’ डाव्या कुशीसमोर तिचा हात जरा थांबला. मग लिहिलं, ‘कुठल्या कुशीवर झोपतेस?’

दिवसभर ती हेच करत राहिली. आणि संध्याकाळी खाली उतरताना तिला एक गोष्ट जाणवली. हे प्रश्न फार मायेचे होते. आज कोण ओरडलं? डोकं दुखतंय का? घरची आठवण येते का? ती चार वर्षं नांदेडला एकटी खोली करून राहत होती. घरून रोज फोन यायचा, वडिलांचा. त्यात पगार झाला का, पुनमशी बोललीस का, एवढंच असायचं. जेवलीस का, हे शेवटचं कोणी कधी विचारलं, ते तिला आठवेना.

पाणीपुरीच्या गाड्याशी उभं राहून ती आठवत राहिली. आठवलं नाही.

३

पुढच्या पोस्टींत उत्तरं बदलत गेली.

‘हाव, दार लावलं.’

‘खिडकी पण.’

‘न्हाई, घरी सांगितलं न्हाई.’

‘मैत्रीण व्हती. आता बोलत न्हाई मी.’

राजकन्या समोर प्रश्न भरत गेली. दार लावलं का? खिडकी? घरी सांगितलंस का माझ्याबद्दल? शेवटचे दोन शब्द आपण का लिहिले, ते तिला कळलं नाही. तिनं ते खोडले. खोडल्यावर वाक्य बरोबर बसेना. पुन्हा लिहिले.

तिनं एकेका पोराचं सगळं लिखाण सुरुवातीपासून वाचून पाहिलं. आधी प्रत्येक पोरगं भरभरून लिहायचं. पाण्याचा टँकर आला नाही, मास्तरनं सगळ्यांसमोर मार्क वाचले, बाप म्हणतो तुझ्यासाठी शेत गहाण टाकलंय, मला इथं राहायचं नाही. मग कधीतरी पहिलं उत्तर यायचं, जेवणाबद्दलचं. त्यानंतर तक्रारी कमी. मग नुसती उत्तरं, आखूड आखूड होत गेलेली. आणि प्रत्येकाच्या शेवटी एकच शब्द.

‘हाव.’

त्यानंतर ते पोरगं काही लिहीत नव्हतं.

क्लासकडून तपासणीसाठी एक यादी आलेली होती, कोणतं टोपणनाव कोणाचं आणि त्याच्या घरचा नंबर काय, याची. कसं मिळवलं, ते विचारायचं नव्हतं. एका मुलाच्या घरचा नंबर तिनं लावला. आईनं उचलला. मुलगा होता. लातूरलाच होता. जेवत होता, अभ्यास करत होता. “लई सुधारला व्हो,” आई म्हणाली. “पहिले फोन केला की रडायचा. आता काय बी मागत न्हाई. इचारलं तर हाव म्हणते.”

दुसऱ्या घरीही तेच. तिसरा नंबर तिनं लावलाच नाही. पोलिसात जाऊन तरी काय सांगणार होती? पोरं शांत झाली म्हणून?

त्या शेवटच्या ‘हाव’समोरचा चौकोन तिला भरता येईना. सगळं इतर भरून झालं आणि ते चौकोन तेवढे पांढरे राहिले. कुठला प्रश्न असेल, ज्याला सगळी पोरं शेवटी हो म्हणतात? ती पडद्याकडं पाहत बसली की मागच्या बाजूनं कोणीतरी वाकून तेच पाहतंय असं वाटायचं. वळून पाहिलं की कूलर.

शेवटी शिवशंकर सरांनी खुर्ची ओढली आणि वरच्या चौकोनात टाइप केलं, ‘आता बरं वाटतं का?’ मग ते खालपर्यंत ओढून सगळ्यांना लावलं.

“झालं,” ते म्हणाले. “एवढ्यासाठी दोन दिवस अडून बसलीस. ह्याला समाधानी विद्यार्थी म्हणायचं.”

क्लासवाला खूश झाला. आता दर आठवड्याला पाठवा म्हणाला.

४

पुढच्या आठवड्याच्या नव्या पोस्टींत एक नवं नाव होतं, क्लासच्या यादीत नसलेलं. त्याचं एकच वाक्य.

‘हाव, पिवळी. तिच्यावर पोपट हायेत. ताईनं दिली.’

राजकन्यानं ते वाचलं आणि पुढच्या ओळीवर गेली. मग परत आली.

पुनम होस्टेलवर जाताना तिनंच नांदेडात वजिराबादच्या बाजारातून चादर घेऊन दिली होती. पिवळी. पुनमला आवडली नव्हती, “लहान लेकराची वाटते” म्हणाली होती, तरी घेऊन गेली.

पिवळ्या चादरी बाजारात ढिगानं असतात. पोपटही असतात. ताई कोणाला नसते? ती स्वतःला समजावत होती आणि तिचा हात फोनवर नंबर लावत होता.

“हां ताई.”

“काय करून राहिलीस?”

“बसले.”

“क्लास न्हाई का आज?”

“हाय न. जाईन.” आवाज साधा होता. थकलेला नव्हता, चिडलेला नव्हता. हेच तिला खटकलं. पुनम फोनवर नेहमी चिडलेली असायची.

“पुनम, तू त्या कट्ट्यावर लिहितेस का गं?”

तिच्या पलीकडं प्रेशर कुकरची शिट्टी झाली. राजकन्या थांबून राहिली.

“न्हाई,” पुनम म्हणाली.

“मग ठीक हाय. मला वाटलं—”

“न्हाई, इथंच बसा.”

“काय?”

“तुला न्हाई ताई,” पुनम म्हणाली आणि हसली. “तू बोल.”

“कोण हाय खोलीत?”

“कोणी न्हाई. दुसरी पोरगी गेली न घरी. मी एकटीच हाय.” मग जरा वेळानं, बाजूला तोंड करून बोलल्यासारखं, “हाव.”

राजकन्यानं सरांकडं सुट्टी मागितली. सरांनी कारण विचारलं. ती म्हणाली, बहीण आजारी आहे. सर म्हणाले, काम लातूरहून पण करता येतं, लॅपटॉप घेऊन जा.

५

लोहा, अहमदपूर, चाकूर. अख्ख्या वाटेत एसटीच्या खिडकीचं तावदान थडथडत होतं. शेजारच्या म्हातारीनं तिला विचारलं, “कुठं निघालीस माय?” राजकन्याच्या तोंडून शब्द फुटायला वेळ लागला. विचारलेलं खरंच आपल्याला ऐकू आलं का, तेच ती आधी तपासत होती.

होस्टेल ट्युशन एरियाच्या मागच्या गल्लीत होतं. समोर झेरॉक्सची दुकानं, मेसचे बोर्ड, मागच्या वर्षी पास झालेल्या पोरांचे हसरे फोटो. भर दुपार. खाली स्वयंपाकघरात शांतम्मा होती. देगलूरकडची, होस्टेलचा स्वयंपाक आणि देखरेख तिच्याकडंच.

“पुनमची बहीण का? जा की अम्मा, वर जा. गुणाची पोर हाय.” शांतम्मा गॅसपुढून हलली नाही. “सगळ्याच गुणाच्या झाल्यात. पहिले लई बेजार करायच्या. पाणी न्हाई, भात कच्चा हाय, पंखा आवाज करतो. आता काय न्हाई. देईल ते खाते.”

कुकरनं शिट्टी दिली. शांतम्मानं तो उतरवला, वाफ जाऊ दिली, झाकण काढलं. आत नुसतं पाणी होतं. तिनं झाकण लावलं आणि पुन्हा गॅसवर ठेवला.

“काय शिजवून राहिल्या मावशी?”

“काय न्हाई.” शांतम्मानं तिच्याकडं पाहिलं नाही. “शिट्टी असली की बरं असते. लई शांत झालं का मला इथं करमत न्हाई.”

“वर कोण येतं का मावशी? बाहेरचं कोणी?”

“दाराला मी बसते. कोण येणार?” मग आवाज उतरवून ती म्हणाली, “तुझी बहीण हाय न, घेऊन जायची तर घेऊन जा. मला इचारू नको. मी कोणाला काय इचारत न्हाई, आन् मला कोण इचारलं तरी सांगत न्हाई.”

वरच्या मजल्यावर लांब बोळ होता. दोन्ही बाजूंना दारं, सगळी लावलेली. राजकन्या पहिल्या दारापाशी आली आणि आतून बारीक आवाज आला. “हाव.” पुढच्या दारामागून, जरा वेळानं, “न्हाई, दुखत न्हाई.” मग पलीकडून, “हाव.” पोरी पाठांतर करत असतील, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण पाठांतराला असा थांबा नसतो. दर उत्तराआधी एक मोकळी जागा जायची, समोरच्यानं बोलून घ्यावं एवढी. आणि एका दारामागची जागा संपायची, तेव्हा दुसऱ्या दारामागची सुरू व्हायची. दोन पोरी एकदम कधीच बोलत नव्हत्या.

म्हणजे विचारणारं एकच होतं. ते एकेका खोलीतून पुढं सरकत होतं.

राजकन्या बोळाच्या मध्ये उभी होती. उत्तरं तिच्या मागून आली, तिच्या दोन्ही बाजूंना झाली आणि पुढं गेली. पुढं, पुनमच्या दाराकडं.

६

दाराला आतून कडी लावलेली नव्हती. तिनं ढकललं.

पुनम पिवळ्या चादरीवर मांडी घालून बसली होती, केस विंचरलेले, कपडे धुतलेले. खिडकीला आतून वर्तमानपत्र चिकटवलं होतं आणि दुपारचं ऊन त्यातून पिवळट होऊन खोलीत पडलं होतं. टेबलापाशी असायची ती प्लास्टिकची खुर्ची पलंगासमोर ओढलेली होती. आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस ओढून घेतो, तशी, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

पुनमनं बहिणीकडं पाहिलं नाही. ती खुर्चीकडं पाहत होती. खुर्चीच्या पाठीच्या जरा वर, जिथं बसलेल्या माणसाचं तोंड येईल तिथं.

“हाव,” ती म्हणाली. “माझी ताईच हाय.”

खोलीत पंख्याचा आवाज होता आणि खालच्या कुकरचा.

“नांदेडला असते. न्हाई, लगीन न्हाई झालं.”

“पुनम,” राजकन्या म्हणाली. “कोणाशी बोलून राहिलीस?”

पुनमनं हात किंचित वर केला. मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलणाऱ्या लेकराला गप्प करावं, तसा. मान कलती करून ती ऐकत होती. मग तिनं मान हलवली.

“न्हाई, तिला ऐकू येत न्हाई.”

थांबा.

“अजून न्हाई.”

तेव्हा खुर्ची वाजली. वजन उचलल्यावर प्लास्टिक जसं चिर्र करून मोकळं होतं, तसं. राजकन्यानं खुर्चीकडं पाहिलं नाही, तिला पाहवलं नाही. तिनं पुनमच्या डोळ्यांकडं पाहिलं. ते हळूहळू वर गेले, बसलेल्याचं तोंड असतं तिथून उभ्याचं असतं तिथवर, आणि त्याहूनही वर. पुनमला मान मागं टाकावी लागली. मग ते डोळे खोली ओलांडून येऊ लागले, आणि राजकन्याच्या कानाशी, तिच्या उजव्या खांद्याच्या वर येऊन थांबले.

ती पळाली नाही. पळावं हे सुचायच्या आधीच तिनं पुनमचा दंड धरला होता आणि तिला बोळातून ओढत नेत होती. पुनम विरोध न करता चालत आली. जिन्यावरून उतरताना ती एकदाच मागं वळली आणि आपलं समजूतदारपणे म्हणाली, “हाव, या न. जागा हाय घरी.”

७

बिलोलीला वडिलांचं खताचं दुकान होतं, मागं घर. श्रीमंतराव दुकान सोडून घरात आले ते चप्पल घालूनच.

“भर वर्षात पोरगी उचलून आणलीस? कोणाला इचारून?”

“आबा, तिथं काहीतरी हाय. ती कोणाशी तरी बोलते. तुम्ही बघा तिच्याकडं.”

त्यांनी पाहिलं. पुनम ओसरीवर बसून पुस्तक वाचत होती. शांत, नीटनेटकी. “अभ्यास कसा चाललाय?” त्यांनी विचारलं. पुनम जरा थांबून म्हणाली, “हाव.”

“बघ. काय झालंय तिला? तुझ्यापेक्षा तरी बरी बोलते.” त्यांनी खिशातून मोबाईल काढून राजकन्यापुढं धरला. “हे वाच. क्लासवाल्यायनं पाठवलंय. तुला शिकवलं ते कशाला?”

क्लासचा मेसेज होता, पालकांसाठी. आपल्या पाल्याची मानसिक स्थिती: समाधानी. तक्रारी: निरंक. हा निष्कर्ष विद्यार्थ्यांच्या मुक्त चर्चेच्या शास्त्रीय विश्लेषणावर आधारित आहे.

राजकन्या ते वाचत राहिली. पोरांच्या रडण्याचे चौकोन तिनं पाडले होते. मायेचे प्रश्न तिनं आपल्या हातानं लिहिले होते, आणि जो लिहिता आला नाही तो सरांनी लिहिला होता. आता ते शास्त्रीय झालं होतं आणि तिच्या बापाच्या खिशात होतं.

“हे मीच केलंय आबा,” ती म्हणाली. “हे आमच्या ऑफिसातून गेलंय. खोटं हाय हे.”

“म्हणजे तूच सांगून राहिलीस ती समाधानी हाय, आन् तूच तिला वढून आणलीस?” श्रीमंतराव खरोखरच चक्रावले. मग त्यांचा आवाज चढला. “दोन पोरीतली एक तरी कामाला लागू दे.”

आई, कावेरीबाई, चुलीपाशी भाकरी थापत होती. ती या बोलण्यात नव्हती. ती कुठल्याच बोलण्यात नसायची. राजकन्या तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिनं सगळं सांगितलं, कट्ट्यावरच्या पहिल्या उत्तरापासून खुर्चीपर्यंत. आईचे हात चालू होते.

“काय इचारते ते?” आईनं शेवटी विचारलं.

“जेवलीस का. झोपलीस का. कुठं दुखतंय का.”

आईनं भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाणी फिरवलं.

“चांगलंच हाय की मग,” ती म्हणाली.

राजकन्याला वाटलं, आईला कळलं नाही. ती पुन्हा समजावून सांगायला लागली. आईनं भाकरी उलटली. “कळालं मला,” ती म्हणाली.

पुनम घरी राहिली ते दिवस आई तिच्याजवळच असायची. तिच्या केसांना तेल लावायची, ती बोलली की हात थांबवायची. पुनम “न्हाई, आता बरं हाय” असं हवेत म्हणायची आणि आई त्या हवेकडं बघायची, शेजारी आलेल्या पाहुण्याकडं बघावं तसं. राजकन्या वडिलांशी भांडली, रडली, पुनमला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं रक्त तपासलं, टॉनिक लिहून दिलं, अभ्यासाचा ताण म्हणाला. दरम्यान शिवशंकर सरांचा फोन आला. क्लासला आता पालकांच्या मंचाचंही काम पाहिजे होतं. तिनं नोकरी सोडते म्हणून सांगितलं. सर म्हणाले, ठीक आहे, दुसरी कोणी करेल, अवघड काय आहे त्यात.

श्रीमंतराव स्वतः पुनमला लातूरला सोडायला निघाले. राजकन्या बसस्टँडवर आडवी आली. चारचौघांत बापानं तिला बाजूला केलं. पुनम बसमध्ये चढली, खिडकीशी बसली.

“पुनम, तुला जायचं न्हाई न? एकदा म्हण न्हाई. मी उतरवते तुला, कोणी काय करत न्हाई.”

पुनमनं तिच्याकडं पाहिलं. क्षणभर तिच्या डोळ्यांत जुनी चिडकी पोरगी आली. तोंड उघडलं. मग नजर राजकन्यावरून सुटली, शेजारच्या रिकाम्या सीटकडं गेली, आणि चेहरा पुन्हा गुळगुळीत झाला.

“हाव,” पुनम म्हणाली. ते राजकन्यासाठी नव्हतं.

बस गेली.

८

घरी आली तेव्हा दुपार टळत होती. दुकानाचं शटर ओढलेलं. आबा रात्री उशिरा परत येणार होते. राजकन्या ओसरीच्या खांबाला टेकून बसली. रडून डोळे कोरडे झाले होते. समोरच्या पिंपावर एक कावळा चोच घासत होता. हातून गेलं ते गेलं, पण निदान ते पुनमबरोबर गेलं, घरातून गेलं, असा एक नीच विचार तिच्या मनात आला आणि तिला स्वतःची किळस आली.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला.

“न्हाई गं माय. अजून न्हाई.”

राजकन्याला वाटलं, शेजारची कोणी मागच्या दारानं आली असेल. ती ऐकत राहिली.

“मालक आले की मग जेवते. तसंच हाय आमच्यात.” थांबा. “पाय व्हय. पाय लई दुखते. रात्रीला तर हलवता येत न्हाई.”

पुन्हा थांबा, या वेळी लांब. आणि मग आई हसली. राजकन्यानं आईला असं हसताना ऐकलं नव्हतं. झिम्मा खेळताना पोरी हसतात, तसं ते हसणं होतं.

“कोण इचारणार व्हो? तीस वर्षं झाले. कोणी न्हाई इचारलं.”

राजकन्या उठली. तिनं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाय ठेवला. आई चुलीकडं पाठ करून बसली होती, पुढ्यात तुरीची डाळ निवडायला घेतलेलं सूप. आणि समोर, पाहुण्याला देतो तो पाट मांडलेला. पाटावर कोणी नव्हतं.

“आई,” राजकन्या म्हणाली. “आई, जेवलीस का गं? मी वाढते. चल, दोघी बसू. कुठं दुखून राहिले पाय? दाखव मला. आण, चेपून देते.”

जेवढे प्रश्न आठवले तेवढे तिनं भराभर विचारले.

आईनं तिच्याकडं वळून पाहिलं. रागानं नव्हे. उशिरा आलेल्या माणसाकडं पाहावं तसं.

“थांब जरा,” ती म्हणाली. “मला इचारून राहिले न ते.”

ती उठली. दुखऱ्या पायानं, गुडघ्यावर हात रोवून. दारापाशी आली, पोरीच्या गालावरून एकदा हात फिरवला आणि तिला हळूच उंबऱ्याबाहेर सारलं. मग दोन्ही फळ्या लावल्या. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. खिडकी लावल्याचा आला.

राजकन्या दारावर दोन्ही हातांनी मारत राहिली, आईला हाका मारत राहिली. मधूनच तिचे हात थकले आणि ती दम घ्यायला थांबली.

आत शांत होतं. समोरच्यानं बोलून घ्यावं एवढा वेळ.

“हाव,” आई म्हणाली.